वसंता आमच्याकडे यायची बंद झाली

आमच्या घरी दुपारची कापी, म्हणजे कॉफी, साडेतीनला व्हायची, कारण वसंताची तिच्या गावाला, पापनाशमला, जायची गाडी सव्वापाचला सुटायची. रुक्कू, माझी थोरली बहीण, आणि वसंता कॉलेजात एका बाकावर बसत. कॉलेज सुटलं की दोघी चालत तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत येत, दारासमोरच्या ओट्याखाली चपला काढत, आणि रुक्कू उंबऱ्यातूनच ओरडायची, "आई, आम्ही आलों गे!" आई चुलीवरचं दूध खाली घ्यायची. पितळी पेल्यातली कापी वाटीत आणि वाटीतली पुन्हा पेल्यात, हात वर नेत नेत ओतल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शेजारच्या गल्लीत वीणा करणारे होते. त्यांची पटाशी फणसाच्या लाकडावर टक टक चालायची, आणि त्या ठेक्यावर रुक्कू मुद्दाम मान हलवत कापी प्यायची. वसंता हसू दाबायची, मग तिला ठसका लागायचा, मग आई दोघींना रागवायची. हे रोजचं होतं. रोजचं म्हणून मी ते कधी नीट पाहिलं नाही.

अप्पा सरकारी पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क होते. कुठल्या नदीला किती पाणी आलं, कुठला दरवाजा किती उघडला, हे कागद त्यांच्या हातून जात. उन्हाळ्यानंतर वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आमच्या बाजूला पोचलं की ते घरी येऊन छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आधी सांगायचे, "पाणी आलें." जणू घरात पाहुणा आला आहे. त्या दिवशी आई काहीतरी गोड करायची. आमची शेती नव्हती, पण तंजावरात राहणाऱ्याला नदीला पाणी आल्याचा आनंद व्हायला शेत लागत नाही.

आईचा एक नियम होता. उंबऱ्याच्या बाहेर काय ते तमिळ बोला, आत आल्यावर मराठी. आमची मराठी म्हणजे तंजावरची. पुढे लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा तिथल्या बायका माझं बोलणं ऐकून तोंडावर पदर धरायच्या. 'नको'ला आम्ही 'नोको' म्हणतो, 'सगळे'ला 'अस्के', आणि सगळ्या वाक्यांना तमिळ हेल. पण लहानपणी मला ती मराठीही बोलायची नसायची. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्या घरी ही कसली भाषा, तेलुगू का? मला लाज वाटायची. आई मराठीत विचारायची आणि मी तमिळमध्ये उत्तर द्यायची. समजायचं सगळं, तोंडातून काढायचं नाही, असा माझा हट्ट. रुक्कूचं तसं नव्हतं. ती आईशी दिवसभर मराठीत भांडायची, मराठीत लाडात यायची, आणि वसंतालाही एकेक शब्द शिकवायची, बहुतेक शिव्याच. तिला सगळ्यांच्या नकला यायच्या. अप्पांची कचेरीतून घरी येण्याची चाल, भाजीवालीची हाक, माझं नाक उडवून तमिळ बोलणं. माझी नक्कल ती केली की मी रडायची. आज वाटतं, ती नक्कल पाहायला मिळाली तर मी काय देणार नाही. पण हे असं वाटणं फुकटचं आहे. देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही आणि घेणारंही कोणी नाही.

तमिळ आडी, म्हणजे आषाढ, महिन्याच्या अठराव्या दिवशी आमच्याकडे बायका नदीची पूजा करतात. घाटावर बसून नदीला हळदकुंकू, फुलं, नवा पिवळा दोरा वाहायचा आणि घरून नेलेले चार तऱ्हेचे भात तिथंच काठावर खायचे. चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा आणि शेवटी दहीभात. त्या वर्षी वसंताच्या आईनं रुक्कूला पापनाशमला बोलावलं. आमची आई तयार नव्हती. परक्याच्या घरी सणाला कशास, म्हणाली. अप्पाच म्हणाले, "जाऊं दे. यंदा नदी पाहण्यासारखी आहे." हे वाक्य त्यांनी जेवताना सांगितलं, रसवांग्याचा घास हातात धरून. रसवांगी म्हणजे वांग्याची आंबट आमटी, ती अप्पांना फार आवडायची. त्यानंतर ते अठ्ठावीस वर्षं जगले, आणि माझ्यादेखत त्यांनी नदीबद्दल एक शब्द काढला नाही. पाणी आल्याचंही पुन्हा कधी सांगितलं नाही.

सकाळच्या गाडीनं रुक्कू गेली. हिरवी दावणी, म्हणजे परकरावर नेसायची अर्धी साडी, होती, निळा परकर, डोक्यात जाईची वेणी. मला म्हणाली, "तुझी रिबन घेतलीय, रागवूं नोको." मी रागावले. मी दारापर्यंतही गेले नाही.

दुपारी चार वाजता पापनाशमहून वसंताचे मामा आले. अप्पांना कचेरीतून बोलावून आणलं होतं. मामा ओट्यावरच उभे राहिले, आत येईनात. ते तमिळमध्ये इतकं हळू बोलले की आई सारखी विचारत राहिली, "काय म्हणतात ते? काय म्हणतात?" आणि आईला तमिळ चांगलं येत होतं. पाय धुवायला शेवटच्या पायरीवर उतरली, शेवाळ होतं, घसरली, पाण्याला ओढ होती. एवढंच होतं ते. ती सापडली तिसऱ्या दिवशी सकाळी, खूप खाली, एका पुलाजवळ. अप्पा आणि मामा गेले होते. अप्पांनी घरी आणलं नाही. आईला म्हणाले, "पाहूं नोको." आईनं ऐकलं. मग जन्मभर तिला वाटत राहिलं की ऐकायला नको होतं.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि एके दुपारी साडेतीनला वसंता आली. एकटीच. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हाक मारली नाही, मारायचा प्रश्नच नव्हता. चुलीवर दूध नव्हतं. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, तेरा दिवस ती तशीच बसलेली. तिनं वर पाहिलं, उठली, वसंताचं मनगट धरलं आणि तिला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं. आमच्या घरात दिवसा स्वयंपाकघराचं दार लावत नसत. मी बाहेर बसून राहिले. रडण्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहिली, तो आला नाही. तासाभरानं दार उघडलं तेव्हा कापीचा वास आला. आईनं दूध तापवलं होतं. वसंताच्या हातात पेला होता, चेहरा सुजलेला. आईनं मला पाहिलं आणि म्हणाली, "अंबू, तुजला पण आहे. ये." तेरा दिवसांनंतरचं हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

मग वसंता रोज येऊ लागली. आई सकाळी कशीबशी स्वयंपाक करायची, आम्हाला वाढायची, स्वतः पानावर बसायची नाही. साडेतीनला वसंता आली की तिच्याबरोबर दोन घास खायची. पहिल्यांदा मला बरं वाटलं, आई खाते आहे म्हणून. दोघी बसून बोलत, आई मराठीत, ती तमिळमध्ये; रुक्कूमुळे तिला मराठी थोडंफार समजायचं. आई विचारायची, गाडीत रुक्कू कुठल्या बाजूला बसली होती? खिडकीशी? केसात फुलं सुकली होती का? लिंबाचा भात आवडला की नारळाचा? वसंता आठवून आठवून सांगायची. "खिडकीशी, अम्मा. तिनं माझी जागा घेतली. नारळाचा भात दोनदा घेतला. माझ्या धाकट्या बहिणीला तुमची नक्कल करून दाखवली." आईला हेच पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं. पाण्याचं ती कधीच विचारायची नाही. मला वाटायचं, तेवढं तिला सोसत नाही.

अप्पांना वसंताकडे पाहवत नसे. ते पाचनंतर येऊ लागले, ती गेल्यावर. कधी लवकर आलेच तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, वर्तमानपत्र उघडून, उभ्या उभ्या.

मार्गशीर्षात एकदा अवेळी पाऊस आला. आईनं मला छत्री देऊन वसंताला स्टेशनपर्यंत सोडायला पाठवलं. एका छत्रीत दोघी, मला पंधरावं, तिला एकोणिसावं. अर्ध्या वाटेत ती थांबली. तमिळमध्ये म्हणाली, "अंबू, तुला एक सांगू?" मी काही म्हणायच्या आत सांगू लागली. रुक्कू घसरली तेव्हा वसंता वरच्या पायरीवर होती. तिनं वाकून हात दिला. रुक्कूनं धरला. दोन्ही हातांनी धरला. पण पाण्याला इतकी ओढ होती की वसंताचे पायही पायरीवरून सुटू लागले, धरायला काही नव्हतं, पाणी तिच्या कमरेला आलं. "मी तिची बोटं सोडवली," ती म्हणाली. "ती सोडत नव्हती, अंबू. मी माझ्या दुसऱ्या हातानं तिची बोटं सोडवली. एकेक करून." पाऊस पडत होता. एक सायकलवाला आम्हाला चुकवून शिव्या देत गेला.  स्टेशन आलं, गाडी लागलेली होती, ती बसली, गेली. घरी आल्यावर आईनं विचारलं, भिजली नाही ना पोर? मी म्हणाले, "नाही."

आज मी सत्तरीच्या पुढे आहे आणि पोहता न येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं त्या पायरीवर दुसरं काय करायला हवं होतं, हे मला सांगता येणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, कदाचित लवकर केलं असतं. पण पंधराव्या वर्षी हा हिशेब करता येत नाही. मला फक्त बोटं दिसत होती. एकेक करून. तरीही मी तिच्याबद्दल पुढे जे केलं ते त्यासाठी केलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. तसं असतं तर माझ्या पदरी निदान थोरल्या बहिणीचं प्रेम तरी जमा धरता आलं असतं.

झालं ते असं की वसंता मराठी शिकू लागली. आईच शिकवायची, कापी पिता पिता. ताट, वाटी, पदर, ऊन. मग वाक्यं. मुलीला भाषेचा कान होता. पोंगल येईपर्यंत ती आमच्यासारखं बोलू लागली, तो हेल, ते 'गे', सगळं. रुक्कूनं शिकवलेल्या शिव्यासुद्धा आईनं तिच्याकडून म्हणवून घेतल्या. मी समोर बसून असायची, तमिळमध्ये अभ्यास पाठ करत. मला मराठीत काही बोलावंसं वाटलं तरी आता बोलता येईना. जागा भरली होती.

तमिळ तै महिन्यात, पोंगलनंतर दहा-बारा दिवसांनी, माझा सहामाहीचा निकाल लागला. मी गणितात वर्गात पहिली आले. आमच्या घरात गणितात कोणी पहिलं आलं नव्हतं. कागद हातात घेऊन शाळेतून धावत आले. परसातल्या पायरीवर उन्हात आई बसली होती आणि तिच्या पुढ्यात खालच्या पायरीवर वसंता. आई तिची वेणी घालत होती. मी म्हणाले, "अम्मा, गणितात मी पहिली." मी आईला अम्मा म्हणायची, हट्टानं. आई दातात रिबन धरून 'हूं' म्हणाली. तेवढ्यात केस ओढले गेले आणि वसंता कळवळून म्हणाली, "आई, ओढूं नोको गे!"

ते रुक्कूचं वाक्य होतं. रुक्कूचाच सूर होता. वसंताच्या ते लक्षातही आलं नसेल. आईचे हात थांबले. आणि मग आई हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, दातातली रिबन खाली पडली इतकी हसली, हसता हसता तिनं वसंताच्या डोक्यावर आपलं कपाळ टेकवलं. मी तिथंच उभी होते, तो कागद घेऊन.

वसंता निघाली तेव्हा मी तिच्यामागून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. वीणावाल्यांच्या दारासमोर तिला थांबवलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तमिळमध्ये म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

ती म्हणाली, "का?"

"आलीस तर मी आईला सांगेन. तू तिची बोटं सोडवलीस ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ नाही, पटाशीचे चार-पाच ठोके पडले असतील. मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, सांगू नको म्हणेल. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिथं काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मग ती मराठीत म्हणाली, "बरें, अंबू." आणि वही छातीशी धरून स्टेशनकडे गेली.

दुसऱ्या दिवशी आईनं साडेतीनला दूध तापवलं. चारला पुन्हा तापवलं. साडेचारला साय धरलेलं दूध तसंच चुलीजवळ ठेवून ती ओट्यावर जाऊन बसली. "ताप आला असेल," म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "परीक्षा असतील." आठवडाभरानं तिनं कॉलेजात चौकशी करायला अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "नाही आली तर सोड की." आई एवढंच म्हणाली, "मला सोडतां येत नाही." मग एका शनिवारी तिनं मला बोलावलं. डब्यात रसवांगी आणि भात भरलेला. पत्ता मला ठाऊक होता, देवळाच्या बाजूची दुसरी गल्ली. "जाऊन ये. आई वाट पाहते म्हणून सांग. डबा तिच्याच हातीं दे."

मी गेले. गाडीत बसले, पापनाशमला उतरले. स्टेशनाबाहेर गेले नाही. फलाटावर एक बाक होता, त्यावर डबा मांडीवर घेऊन बसले. समोर भाताची शेतं कापणीला आलेली, बायका वाकून कापत होत्या. दोन तास बसले. भूक लागली तेव्हा डबा उघडून तो भात मीच खाल्ला. सगळा खाल्ला. स्टेशनच्या नळावर डबा धुतला आणि परतीच्या गाडीनं घरी आले.

आईला म्हणाले, वसंताचं लग्न ठरलंय. घरचे आता बाहेर पाठवत नाहीत.

आईनं रिकामा डबा हातात घेतला. "काय म्हणाली? माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही, अम्मा. घाईत होती."

आईनं डबा पालथा घातला. त्यानंतर दुपारची कापी होत राहिली, पण ठरलेली वेळ राहिली नाही. कधी तीनला, कधी पाचला, कधी विसरून. रुक्कूचं नाव घेणं बंद झालं, कारण ते कोणाशी घ्यायचं? अप्पा ऐकत नसत आणि मी ऐकायला लायक नव्हते, हे आईला न सांगताही कळत असावं. घरात तीन माणसं होती आणि प्रत्येकाचं जेवण वेगळ्या वेळेला.

माझं लग्न झालं. अकरा वर्षं पुण्यात काढली. तिथं देवनागरी वाचायला शिकले, शेजारणींसारखं बोलायला शिकले, इतकं की कोणी ओळखू नये. मग नवऱ्याची बदली मागून तंजावरला परत आलो. माझ्या मुलांना देवनागरी येत नाही. सुना तर तमिळच. म्हणून मी हे इतकं मोकळं लिहू शकते. वही टेबलावर उघडी पडली तरी घरात ती कोणाला वाचता येत नाही.

अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली. एके सकाळी दोघी जमिनीवर बसून वांगी चिरत होतो. आई मधेच म्हणाली, "वसंताला रसवांगी फार आवडायची. कोठे असेल आतां? नातवंडं झाली असतील." वांग्याचा देठ कापत म्हणाली, "लोक विसरतात. एवढी जीव लावणारी पोरगी, पण विसरली. बरेंच झालें म्हणायचें. तिनं तरी विसरावें."

हे शेवटचं मला सोसलं नाही. ती विसरली असं मानून आईनं तीस वर्षं काढली होती, आणि वर तिला माफ करत होती. मी हातातलं वांगं पाण्यात टाकलं आणि सांगितलं. सगळं, क्रमानं. छत्री, बोटं, गणिताचा कागद, वेणी, वीणावाल्यांचं दार, पापनाशमचा बाक, डबा मीच खाल्ला ते. मराठीत सांगितलं. आईशी मी मराठीत इतकं सलग बोलले ते त्या एकाच दिवशी.

आई ऐकत राहिली. विळी आडवी केली. मग म्हणाली, "मजला माहीत होतें."

मला वाटलं, डब्याचं म्हणते.

"बोटांचें. पहिल्याच दिवशीं सांगितलें तिनं. स्वयंपाकघरांत, दार लावून. माझ्या पायांवर डोकें ठेवून म्हणाली, मारा मला. मी म्हणालें, तूं सोडवलीस म्हणून एक तरी घरीं आली. मी तिला म्हणालें, रोज ये."

 गल्लीच्या टोकाला त्या दिवशी वसंताला एक वाक्य पुरलं असतं. अम्माला ठाऊक आहे. एवढं म्हणाली असती तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं. ती म्हणाली नाही. धमकीला ती घाबरली नव्हती. ज्या घरात ती मुलगी म्हणून बसत होती त्या घरातल्या मुलीला ती नको होती, एवढं तिला त्या चार-पाच ठोक्यांत कळलं, आणि ती बाजूला झाली.

आई उठली. हात धुतले. "चल," म्हणाली.

"कोठे?"

"पापनाशम."

रुक्कू गेल्यापासून आई त्या बाजूला एकदाही गेली नव्हती. बसनं गेलो. देवळाच्या बाजूची दुसरी गल्ली. घरात दुसरेच लोक राहत होते. शेजारच्या म्हातारबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. वसंता? हो, आठवते की. कॉलेज मधेच सोडून घरी बसली. का ते कोणाला सांगितलं नाही. वर्षभरात लग्न करून दिलं, नवरा लांब कोळशाच्या खाणींकडे नोकरीला. दुसऱ्या बाळंतपणात गेली. आई-वडील त्यानंतर मुलाकडे निघून गेले, तेही आता नाहीत. बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण तिच्या?"

मी आईकडे पाहिलं. आईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "कोणी नाही. ओळखीचे."

म्हणजे मी फलाटावर बसून भात खाल्ला त्या शनिवारी वसंता तिथं होती, पाच मिनिटांच्या वाटेवर, घरी, आणि तिचं लग्नही ठरलेलं नव्हतं. आई विसरली म्हणून तिला वाटत राहिलं असेल, आणि ती विसरली म्हणून आईला. तिच्या मरणाची खबर आम्हाला कोणी द्यावी असं आमचं काही नातंच मी ठेवलं नव्हतं.

बसस्टँडकडे चालताना नदीचा रस्ता लागतो. मी विचारलं, घाटावर जायचं का? आईनं नाही म्हणून मान हलवली. बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर भातखाचरं, विटांच्या भट्ट्या, शाळा सुटलेली मुलं. बराच वेळ गेल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आतां रुक्कूचें कोणाला विचारायचें?"

मी म्हणाले, "मला विचार."

"तूं त्या दिवशीं दारापर्यंत आली नव्हतीस," आई म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. तिला खरंच विचारायला कोणी नव्हतं, तेवढंच ती सांगत होती.

त्या दिवसानंतर आई माझ्याशी तमिळमध्ये बोलू लागली. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. दोन-तीन दिवसांनी आलं. जेवायला वाढू का, औषध कुठे आहे, दाराशी कोण आलंय, सगळं तमिळ. स्वच्छ, मऊ, शेजारणीशी बोलावं तसं. मी मराठीत उत्तर द्यायची. ती ऐकायची आणि पुन्हा तमिळमध्ये बोलायची. मी तिच्यासाठी डांगर-पच्चडी केली, तिची आवडती, उडदाच्या पिठाची दह्यातली. 'छान झालीय' म्हणाली, तमिळमध्ये. एकदा मी पाया पडून म्हणाले, आई, शिव्या दे, पण आपल्या भाषेत बोल. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, तमिळमध्येच, मुलं शाळेतून आली का? भांडण नव्हतं, अबोला नव्हता. ती माझ्या घरी सात वर्षं राहिली, माझ्या मुलांची वेणीफणी केली, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसली. कोणालाही वाटलं असतं, काय माया आहे मायलेकींची.

पुढे दुखणं लागलं. शेवटच्या आठवड्यात ती कोणाशीतरी मराठीत बोलायची, डोळे मिटून, अर्धी अर्धी वाक्यं. मी जवळ वाकले की थांबायची.

शेवटच्या दिवशी सकाळी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. दोन चमचे तिनं घेतले. तिसऱ्याला तिनं डोळे उघडून मला ओळखलं, तोंड बाजूला केलं आणि म्हणाली, "पोदुम्."

पुरे. मी चमचा वाटीत ठेवला. दुपारी ती गेली.